फावल्या वेळचा व्यायाम, चयापचयाचे आरोग्य आणि कर्करोगाने होणारे मृत्यू

पायवाट (धागालेखक)

व्यायामाने हृदयविकार आणि मधुमेह दूर राहतात, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. कर्करोगाचा विषय निघाला की मात्र चर्चा दोन टोकांना जाते. एका टोकाला 'रोज चाला, कॅन्सर जवळ येणार नाही' असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे संदेश असतात आणि दुसऱ्या टोकाला 'अमका रोज पर्वती चढायचा, तरी त्याला झालाच ना' हे ठरलेले उत्तर असते. गेल्या पंधरा वर्षांत या विषयावर बरेच भक्कम संशोधन झाले आहे आणि ते यांपैकी कोणत्याच टोकाला दुजोरा देत नाही. ते वाचून माझे जे मत झाले आहे ते आधीच सांगतो : संबंध खरा आहे, पण माफक आहे, त्याचा बराचसा भाग चयापचयाच्या वाटेने जातो, आणि त्याची खूण वजनकाट्यावर उमटेलच असे नाही.

सुरुवात तैवानपासून करतो. तिथे आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ४,१६,१७५ प्रौढांना १९९६ ते २००८ या काळात त्यांच्या फावल्या वेळच्या व्यायामाबद्दल विचारण्यात आले आणि सरासरी आठ वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. आठवड्याला सरासरी ९२ मिनिटे, म्हणजे दिवसाला जेमतेम पंधरा मिनिटे व्यायाम करणाऱ्यांमध्ये, अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत एकूण मृत्यूंची जोखीम १४ टक्क्यांनी आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंची जोखीम सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळली. त्यापुढच्या प्रत्येक वाढीव पंधरा मिनिटांमागे एकूण मृत्यूंची जोखीम आणखी ४ टक्क्यांनी, तर कर्करोगाच्या मृत्यूंची १ टक्क्याने घटली. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे, कारण काहीच न करण्यापासून थोडेसे करण्यापर्यंतच्या पहिल्या पायरीवर जेवढे मिळते, तेवढे पुढच्या कोणत्याही पायरीवर मिळत नाही.

दुसरा मोठा आधार २०१६ सालचा. अमेरिका आणि युरोपातील बारा दीर्घकालीन अभ्यासांमधील १४ लाख ४० हजार लोकांची माहिती एकत्र करून २६ प्रकारच्या कर्करोगांशी फावल्या वेळच्या हालचालीचा संबंध तपासण्यात आला. त्यापैकी तेरा प्रकारांमध्ये, सर्वाधिक हालचाल करणाऱ्यांत कर्करोग होण्याचे प्रमाण कमी दिसले. अन्ननलिकेच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमामध्ये ही घट ४२ टक्के होती, यकृताच्या कर्करोगात २७, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात २१, मोठ्या आतड्याच्या कर्करोगात १६ आणि स्तनाच्या कर्करोगात १०.

आता चयापचय. पोटाचा वाढलेला घेर, १५० वा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), कमी झालेले 'चांगले' कोलेस्टेरॉल (एचडीएल), १३०/८५ वा त्यापुढचा रक्तदाब आणि १०० वा त्यापुढची उपाशीपोटीची साखर, या पाचांपैकी कोणत्याही तीन गोष्टी असल्या की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकेकाळी आपण याकडे हृदयविकाराची नांदी म्हणूनच पाहत होतो. परंतु २०१२ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की हा सिंड्रोम असलेल्या पुरुषांमध्ये यकृताच्या कर्करोगाची जोखीम ४३ टक्क्यांनी आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाची २५ टक्क्यांनी अधिक असते, तर स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जोखीम ६१ टक्क्यांनी आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाची ५६ टक्क्यांनी अधिक असते. ही यादी आणि व्यायामाची यादी शेजारी ठेवून पाहा. यकृत, मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर, स्तन ही नावे दोन्हीकडे आहेत, आणि हा योगायोग नसावा.

आपल्यासाठी यात आणखी एक पदर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे अगदी उत्तम. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, वजन बेताचे, पण पोटात चरबी साठलेली, हा आपला 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय देह. म्हणूनच दक्षिण आशियाई लोकांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते. अमेरिकी निकषांत ती अनुक्रमे १०२ आणि ८८ आहे. 'माझे वजन तर बरोबर आहे' या समाधानावर आपण विसंबू नये, ते यासाठीच.

वजन उतरले नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांनी चेन्नईच्या चाचणीकडेही पाहावे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांच्या त्या चाचणीत, आहार व हालचालीचा सल्ला मिळालेल्या गटाचे वजन फारसे कमी झाले नाही आणि तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. स्नायू साखर ओढून घेऊ लागले की इन्सुलिनची गरज उतरते, आणि ते काम वजनकाट्याला विचारून होत नाही.

सभासदांची मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

गणिती

लेख नेटका आहे, परंतु काही ठिकाणी ब्रेक लावायला हवा.

पहिली गोष्ट टक्केवारीची. '१० टक्क्यांनी कमी' ही तुलनात्मक घट आहे. केवळ उदाहरण म्हणून असे धरू की एखाद्या वयोगटातील हजार निष्क्रिय लोकांपैकी २० जण पुढच्या दहा वर्षांत कर्करोगाने दगावतील; तर १० टक्के घट म्हणजे २० ऐवजी १८. हजारांतील ९८० जणांना व्यायाम न करताही त्या दहा वर्षांत हा मृत्यू येणार नव्हता आणि १८ जणांना व्यायाम करूनही येणारच होता. पर्वती चढणाऱ्या माणसाचे कोडे इथे सुटते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा संदेशही इथेच पडतो.

दुसरी गोष्ट अशी की २०१६ च्या त्याच विश्लेषणात दोन कर्करोग व्यायाम करणाऱ्यांमध्ये अधिक आढळले होते, ते आपण सांगितले नाहीत. त्वचेचा मेलानोमा २७ टक्क्यांनी आणि प्रोस्टेटचा कर्करोग ५ टक्क्यांनी. व्यायामाने मेलानोमा होतो असे कुणी म्हणणार नाही. गोऱ्या कातडीची माणसे उघड्यावर धावतात, ऊन लागते. प्रोस्टेटचे कारण बहुधा असे की आरोग्याची काळजी घेणारे पुरुष तपासण्याही अधिक करून घेतात आणि तपासणी केली की निदान होते. पण मग घट दाखवणाऱ्या आकड्यांमध्येही अशीच दुसरी कारणे लपलेली असणार, हे मान्य करावे लागते. फुप्फुसाच्या कर्करोगात २६ टक्के घट दिसली होती, ती कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्ये दिसलीच नाही. तो बहुतेक सिगारेटचाच खेळ आहे, कारण धूम्रपान करणाऱ्यांमध्येही जे व्यायाम करतात ते कमी ओढतात.

तिसरी गोष्ट उलट्या कार्यकारणाची. निदान होण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधीपासून माणूस थकतो आणि चालणे सोडतो. चांगले अभ्यास सुरुवातीच्या वर्षांतील मृत्यू वगळून पुन्हा हिशेब करतात, परंतु त्याने हा दोष पुरता जातोच असे नाही.

आणि चयापचय सुधारल्यास कर्करोग घटतो, याचा थेट पुरावा अजून डळमळीत आहे. अमेरिकेतील 'लुक अहेड' या चाचणीत टाइप-२ मधुमेह असलेल्या स्थूल लोकांपैकी काहींना आहार व व्यायामाचा कडक कार्यक्रम देण्यात आला. सुमारे अकरा वर्षांनंतर स्थूलतेशी निगडित कर्करोग त्या गटात १६ टक्क्यांनी कमी होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. योगायोगानेही तेवढा फरक पडू शकला असता.

पायवाट

गणिती, मेलानोमा आणि प्रोस्टेटचा उल्लेख मूळ लेखात विस्तारभयास्तव राहिला. आपण तो केलात ते बरे झाले. निरीक्षणात्मक अभ्यासांबद्दलचे आपले आक्षेपही मान्य.

तथापि २०२५ च्या जूनमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेली 'चॅलेंज' चाचणी या आक्षेपांच्या पलीकडची आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेले ८८९ रुग्ण, बहुतांश कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील, ५५ केंद्रांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला आरोग्यविषयक माहितीपत्रके, दुसऱ्याला माहितीपत्रकांबरोबर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तीन वर्षांचा व्यायामाचा कार्यक्रम. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ८३.२ टक्के. इथे 'जे निरोगी तेच चालतात' ही पळवाट उरत नाही, कारण कोणी चालायचे हे रुग्णाने ठरवलेले नव्हते. आपल्याच रीतीने हिशेब केला तर शंभरामागे सात जीव; आणि केमोथेरपीच्या कित्येक औषधांना एवढे यश मिळाले तरी त्यांचा गाजावाजा होतो.

आणखी एक : या दोन गटांच्या वजनात व कमरेच्या घेरात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. सुधारली ती चालण्याची आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता. म्हणून मी वजनकाट्याच्या मागे लागू नका असे म्हणतो.

माणदेशी

विषय चांगला आहे, परंतु 'फावला वेळ' हे दोन शब्द मला वाचताना टोचत राहिले. आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या, आणि बाईला याआधी आणि यानंतर स्वयंपाक व पाणी. या बाईला 'दिवसाला पंधरा मिनिटे व्यायाम कर' असे सांगायला कोण धजावेल? की तिचे कष्ट व्यायामातच मोडतात आणि तिला या सगळ्याचा लाभ आपोआप मिळतो? हे अभ्यास कष्टकऱ्यांचा विचार करतात का?

गणिती

माणदेशी, करतात, पण उत्तर सुखावणारे नाही. कोपनहेगनमध्ये १,०४,०४६ लोकांचा पाठपुरावा करून २०२१ साली आलेल्या निष्कर्षांत, फावल्या वेळेत भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होत गेले, तर कामाच्या ठिकाणी भरपूर अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये ते वाढत गेले. अभ्यासकांनी उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान यांचा हिशेब वजा करूनही चित्र बदलले नाही. हा अभ्यास एकूण मृत्यू आणि हृदयविकाराचा आहे, कर्करोगाचा नाही, हे लक्षात ठेवावे.

याची जी कारणे सांगितली जातात ती ऊसतोडीला तंतोतंत लागू पडतात. व्यायामात नाडी थोडा वेळ चढते आणि मग विश्रांती मिळते. कष्टाच्या कामात जड ओझी, अवघडलेली ठेवण आणि तासन्‌तास चढलेला रक्तदाब असतो, आणि थांबायचे कधी हे काम करणारा ठरवत नाही. तसेच गरिबीचा सगळा परिणाम गणितातून वजा करता येतो, यावर माझा स्वतःचा विश्वास नाही.

माणदेशी

म्हणजे त्या बाईला व्यायाम नव्हे, विश्रांती आणि सकस जेवण लिहून द्यायला हवे. हे कुणीतरी आकड्यांनिशी मांडले हे वाचून बरे वाटले. आयसीएमआरच्या २०१४ सालच्या पाहणीत (त्यात महाराष्ट्रही होता) निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय निघाले होते आणि करमणुकीखातर शारीरिक हालचाल करणारे दहा टक्केही नव्हते. म्हणजे हा धागा मुळात त्या उरलेल्या निष्क्रिय निम्म्यांसाठी आहे, असे समजून पुढे वाचतो.

डॉ_वैनगंगा

वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे दोन गोष्टींची भर घालते.

चयापचयाची वाट नेमकी कशी, हे धाग्यात थोडक्यात आटोपले आहे. पोटातील अवयवांभोवतीची चरबी निष्क्रिय पडून राहत नाही, ती सतत दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते, आणि इन्सुलिन साखर हाताळण्याबरोबरच पेशींना वाढीचा संदेशही देते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते, म्हणून चरबी वाढली की स्तनाला आणि गर्भाशयाच्या अस्तराला ते अधिक मिळते. फॅटी लिव्हरचे पुढे सिरोसिस आणि त्यातून काही जणांमध्ये यकृताचा कर्करोग, ही साखळी आम्ही प्रत्यक्ष पाहतो, आणि त्यातील अनेक रुग्णांनी दारूचा थेंबही घेतलेला नसतो. व्यायाम या प्रत्येक कडीवर थोडे थोडे काम करतो. शिवाय २०१६ च्या विश्लेषणात बॉडी मास इंडेक्सचा परिणाम वजा केल्यावरही तेरापैकी दहा कर्करोगांशी असलेला संबंध टिकून राहिला, म्हणजे वजनाच्या पलीकडेही काही घडत असावे.

आता माझा आक्षेप. हे सगळे आकडे जिथले आहेत तिथले कर्करोग वेगळे आणि आपले वेगळे. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांवर नवे रुग्ण आणि ९ लाखांवर मृत्यू. आणि संख्येने आघाडीवर असलेले तीन कर्करोग म्हणजे स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख. यांपैकी फक्त पहिल्याचा व्यायामाशी आणि चयापचयाशी स्पष्ट संबंध आहे. तोंडाचा कर्करोग तंबाखू, सुपारी आणि गुटख्याचा. गर्भाशयमुखाचा एचपीव्ही विषाणूचा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हिनेगरच्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. सकाळी टेकडीवर जाऊन येताना टपरीवर मावा चघळणारे गृहस्थ मला नेहमी दिसतात. त्यांनी टेकडी सोडावी असे नाही, पण आधी काय सोडायचे यात शंका नको.

रेवा

डॉक्टर, माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन उन्हाळ्यात पूर्ण झाले. येणारे-जाणारे सगळे 'आता आराम करा' सांगतात आणि त्या स्वतः दिवसभर पडूनच असतात, थकवा जातच नाही म्हणतात. 'चॅलेंज' चाचणीबद्दल वाचून आशा वाटली, पण ती आतड्याच्या कर्करोगाची होती. त्यांना चालायला लावावे का?

डॉ_वैनगंगा

रेवाताई, 'चॅलेंज'मधील जगण्याचा लाभ स्तनाच्या कर्करोगाला तसाच लावता येणार नाही. थकव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या थकव्यावर व्यायाम हा उत्तम पुरावा असलेला उपाय आहे, आणि २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्यासाठी आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम व दोन वेळा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवला आहे. पडून राहिल्याने हा थकवा उतरत नाही, वाढतो.

तरीही सुरुवात त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच करा. हिमोग्लोबिन किती आहे, हाडांत आजार पसरलेला नाही ना, केमोमुळे हृदयावर परिणाम झालेला नाही ना, पायांना बधिरपणा आल्यामुळे तोल जाण्याची भीती आहे का, हे त्यांना ठाऊक असते. ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली त्या हाताला सूज असेल तर वजने उचलण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. नंतर घरातल्या घरात पाच-सात मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत न्या. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुढे गाठायची आहे. पहिल्या आठवड्यात नव्हे. 'चॅलेंज'मध्येही व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी अधिक होत्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के, तेव्हा घाई नको.

कोकणकडा

ज्यांना दिवसाला पंधरा मिनिटेही काढणे जमत नाही त्यांच्यासाठी : २०२३ साली एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ब्रिटनमधील, कोणताही व्यायाम न करणाऱ्या २२,३९८ लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून त्यांची हालचाल मोजण्यात आली होती. जिना भरभर चढणे, बस पकडायला धावणे अशी धाप लागणारी, एकेक मिनिटाची हालचाल दिवसभरात एकूण साडेतीन मिनिटे करणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण १७-१८ टक्क्यांनी कमी होते. लोकलने प्रवास करणाऱ्यांचा तर एवढा कोटा दादरच्या पुलावरच पूर्ण होत असेल.

एक शंका आहे. पोटाचा घेर नेमका कुठे मोजायचा? शिंपी पँटसाठी मोजतो तिथे माझा ८६ येतो आणि बेंबीवर ९३.

गणिती

मनगटावरील यंत्र एकच आठवडा बांधलेले होते, लोकांचे सरासरी वय ६२ होते, आणि हे लोक ज्यातून घेतले त्या यूके बायोबँक या आरोग्य-संशोधन प्रकल्पात नाव नोंदवणारी माणसे सर्वसाधारण ब्रिटिशांपेक्षा मुळातच निरोगी असतात. शिवाय बासष्टाव्या वर्षी ज्याला जिना भरभर चढता येतो त्याची प्रकृती आधीपासूनच बरी असणार. साडेतीन मिनिटांचा आकडा उत्साह वाढवायला चांगला आहे, भरवसा ठेवायला तैवानचा बरा.

डॉ_वैनगंगा

कोकणकडा, शिंपी मोजतो ती जागा चुकीची. सरळ उभे राहून कुशीला सर्वांत खालची बरगडी हाताने चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, आणि या दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप जमिनीला समांतर ठेवा. पोट आत ओढू नका, श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचा, टेप कातडीत रुतू देऊ नका. आकडा ९० च्या पुढे आला तर उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या; वजन कितीही असो.